रक्त आलं त्याला सुट्टी मिळाली

चोपडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून आणि थोडं आटोपशीर करून देते.

"डॉक्टर ताई, आमची कापूस आणि थोडी केळीची शेती. थोरला एकोणीस वर्षांचा, तालमीत जातो, यात्रांच्या दंगलीत कुस्त्या लढतो. धाकटी सोळाची, अकरावीला, कबड्डीत उजवा कोपरा खेळते. दीड महिन्यात दोघांनाही डोक्याला लागलं. थोरल्याचं आधी. दंगलीत डोक्यावर आपटला, भुवई फुटली, चार टाके पडले. दहा दिवस घरी बसला, टाके काढले, अकराव्या दिवशी पुन्हा तालमीत. तो बरा आहे. हल्ली जरा चिडका झालाय आणि रात्री गाडीवर समोरून उजेड आला की डोळे मिटावेसे वाटतात म्हणतो, पण तरुण पोर आहे, चालायचंच.

प्रश्न धाकटीचा आहे. तालुक्याच्या फायनलला पाय धरायला वाकली आणि समोरच्या मुलीचा गुडघा कानशिलावर बसला. रक्त नाही, टेंगूळ नाही. सरांनी डोक्यावर पाणी ओतलं, ती पुढे खेळली, सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी सरावालाही गेली. चौथ्या दिवसापासून डोकं दुखतं म्हणायला लागली, तेव्हापासून मेडिकलवरच्या गोळ्या चालू आहेत. नवव्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. आज बाविसावा दिवस. वाचायला बसली की अक्षरं हलतात म्हणते, मिक्सर लावला की कान झाकते. सासूबाई म्हणतात, 'पोऱ्या दहा दिनमा उठना, हिले काय व्हयनं?' तिचे वडील म्हणतात, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. शेजारच्या बायका म्हणतात, मुलीची जात नाजूक, खेळ बंद करा. सर म्हणतात, आठ दिवसांनी जिल्हा आहे, क्रीडागुण मिळतील, रिपोर्ट नॉर्मल आहे तर खेळू द्या. कोणी सांगितलं, महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवा. दोन वर्षांपूर्वी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरून पडली होती, तेव्हाही एक दिवस उलट्या झाल्या आणि नुसती झोप झोप करत होती. खरंच मुलींचं डोकं कच्चं असतं का? तिला खेळू देऊ की बंद करू?"

ताई,

आधी उत्तर, कारणं मागाहून. जिल्ह्याला धाकटी खेळणार नाही. ती नाटक करत नाही, तिचं डोकं कच्चं नाही, आणि तिचा खेळ कायमचा बंदही करायचा नाही. दुसरं, थोरल्याची तालीम आजपासून बंद, डॉक्टर त्याला नीट तपासेपर्यंत. हो, थोरल्याची. तुम्ही त्याला एका वाक्यात बरा करून टाकलंत आणि पुढचं वाक्य जाता जाता लिहिलंत. ते पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं.

दोघांना झालं ते बहुधा एकच. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द नाही, पण 'मुका मार' हा शब्द आहे आणि तो इथे चपखल बसतो. पायाला मुका मार बसला की कातडी फाटत नाही, हाड मोडत नाही, तरी माणूस आठ दिवस लंगडतो, आणि त्याला कोणी नाटकी म्हणत नाही. मेंदूलाही मुका मार बसतो हे मात्र लवकर पटत नाही, कारण तो काळानिळा पडलेला दिसत नाही. शुद्ध हरपली तरच डोक्याला खरं लागलं, ही समजूतही खोटी. कन्कशन झालेले बहुतेक खेळाडू क्षणभरही बेशुद्ध होत नाहीत. डोकं थेट आपटायलाही लागत नाही. छातीवर किंवा खांद्यावर जोराचा धक्का बसून मानेला हिसका बसला तरी पुरतं.

आत काय होतं ते तुम्हाला शेतातल्या भाषेत सांगते. मेंदूच्या प्रत्येक पेशीला बारीक पंप असतात, पुस्तकातसुद्धा त्यांना पंपच म्हणतात. पोटॅशियम आत ठेवायचं आणि सोडियम बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. डोकं जोरात हललं की हे क्षार विस्कटतात. पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते निस्तरायला सगळे पंप एकदम पूर्ण जोराने चालू होतात. त्यांना साखर हवी, रक्त हवं, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणजे अख्ख्या शिवाराने मोटरी चालू कराव्यात आणि तेव्हाच डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, विजेचा दाब पडावा, तसं. मोटर गुंगुं करते, पाणी काही चढत नाही. तुमची मुलगी पुस्तक उघडते तेव्हा तिच्या डोक्यात याचीच ओढाताण अजून उरलेली असू शकते. अशा वेळी आणखी एक मोटर लावली तर काय होतं ते तुमच्या मालकांना विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता सीटी स्कॅन. खांब उभा आहे, तारा तुटलेल्या नाहीत, एवढं सीटी सांगतो. दाब किती आहे ते तो सांगत नाही. कन्कशनमध्ये सीटी सहसा नॉर्मलच येतो. कवटी फुटली नाही, आत रक्तस्राव नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि स्कॅन केला ते बरंच झालं. पण 'रक्तस्राव नाही' आणि 'खेळायला हरकत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सरांनी पहिलं वाचलं आणि दुसरं ऐकलं.

मुलींच्या डोक्याबद्दल तुम्ही विचारलंत. यावर काम झालेलं आहे, जरा उशिरा झालं. खेळातल्या कन्कशनबद्दल जगभर जी मार्गदर्शक पत्रकं वापरली जातात, ती ज्या संशोधनावर उभी होती त्यातले सुमारे ८० टक्के खेळाडू पुरुष होते, हे २०२२ मध्ये कोणीतरी बसून मोजलं तेव्हा कळलं. निम्म्या खेळाडूंचं डोकं नीट न बघताच नियम लिहिले होते म्हणायचे.

मुलींना कन्कशन जास्त होतं का? सारखाच खेळ असेल तर, हो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शाळकरी फुटबॉल खेळाडूंचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलींमध्ये कन्कशनचं प्रमाण मुलांच्या १.८८ पट निघालं. मुलांना जास्त करून दुसऱ्या खेळाडूवर आदळून लागत होतं, मुलींना चेंडू किंवा गोलच्या खांबासारख्या वस्तूंचा मार जास्त बसत होता. कारणं एकाहून जास्त आहेत. मान हे त्यातलं एक. मुलींची मान सरासरीने बारीक असते, तिचे स्नायू कमी ताकदीचे असतात, त्यामुळे तेवढ्याच धक्क्याला डोकं जास्त जोरात फेकलं जातं. दुसरं, २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मेंदूपेशी ताणून बघितल्या, तेव्हा मादीच्या पेशींचे तंतू नराच्या तंतूंपेक्षा पातळ निघाले आणि तेवढ्याच ताणाला जास्त तुटले. तिसरं, मुली दुखणं सांगतात आणि मुलगे गिळतात. त्यामुळे मोजणीतच फरक पडतो.

शेजारणींना यातलं पहिलं आणि दुसरं ऐकलं की आनंद होईल, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! त्यांना एवढंच सांगा, घरातली वायर पातळ असली तर आपण फ्यूज नीट लावतो, घर अंधारात ठेवत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. मिशिगनच्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. मार बसला त्याच दिवशी खेळाडूला मैदानाबाहेर काढलं जाण्याची शक्यता मुलग्यांमध्ये मुलींच्या दीडपट होती. म्हणजे लागतं मुलींना जास्त आणि बाहेर काढतात मुलग्यांना. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयातला २०१९ चा अभ्यास तर तुमच्या घरावरच लिहिल्यासारखा आहे. तिथे मुलींना बरं व्हायला मुलग्यांपेक्षा जास्त दिवस लागत होते. खोलात गेल्यावर दिसलं की मुलींना कन्कशनच्या तज्ज्ञाकडे आणलंच उशिरा जात होतं. ज्या मुली सात दिवसांच्या आत पोचल्या, त्यांच्यात आणि मुलग्यांत फरक उरला नाही.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. थोरल्याची भुवई फुटली, रक्त आलं, त्याच क्षणी कुस्ती थांबली. टाक्यांनी त्याला दहा दिवस घरी बसवलं. धाकटीला रक्त नाही, म्हणून पाणी ओतून पुन्हा उभी केली, दुसऱ्या दिवशी सराव, चौथ्या दिवशी गोळी, नवव्या दिवशी डॉक्टर. एकाच घरात, एकाच आईच्या डोळ्यांसमोर. तुम्हाला दोष देत नाही, रक्त दिसतं आणि हे दिसत नाही. १२ ते १९ वयाच्या खेळाडूंचा २०१६ मधला एक अभ्यास आहे. मार बसल्यावर लगेच बाहेर आलेल्यांना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले, खेळत राहिलेल्यांना ४४. तुमच्या मुलीचा आज बाविसावा दिवस आहे आणि ती खेळत राहिली होती. त्यातून आखाजीचं ते पडणं. उलट्या आणि झोप झोप, म्हणजे तेही बहुधा कन्कशनच होतं. आधी एकदा होऊन गेलेलं असलं की पुन्हा होण्याचा धोका वाढतो आणि बरं व्हायला वेळ लागू शकतो. ते लिहून तुम्ही नकळत निदानात मोलाची भर घातली आहे. झोक्याची गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा. तेव्हा ती उशीर करत नाहीये. या वयात चार आठवड्यांपर्यंत त्रास राहणं नेहमीच्या हिशेबातच येतं.

नाटकाबद्दल तिच्या वडिलांशी मी भांडणार नाही, त्यांना एक काम देते. पेनाचं टोक मुलीच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू तिच्या नाकाकडे आणा. एका पेनाची दोन कुठे दिसायला लागतात ते तिला सांगू द्या. साधारणपणे नाकाच्या तीनचार बोटं जवळ येईपर्यंत एकच दिसतं. कन्कशननंतर पुष्कळांना वीतभर अंतरावरच दोन दिसतात, आणि नीट पाहिलंत तर एक डोळा आत वळायचं सोडून बाहेर सरकताना तुम्हालाही दिसेल. अक्षरं हलतात ती यामुळे. डोळा सरकवायचं नाटक सहजासहजी कोणाला जमत नाही.

हे सगळं मी फार शहाणपणाने लिहिते आहे, पण माझंही एक प्रमाणपत्र आहे. नववीत होते, शिंदखेडा तालुक्यात, खो-खोचा सामना. खांबावर सूर मारला आणि डोकं खांबाला लागलं. आठवतं ते एवढंच, पाणी मारलेल्या मातीचा वास, आणि कोणाच्या तरी पायाने फिसकटलेली चुन्याची रेघ. त्यापुढचं थेट संध्याकाळचं, एसटीच्या खिडकीला डोकं टेकलेलं आणि मैत्रीण वैतागून म्हणतेय, "अगं किती वेळा तेच विचारशील, जिंकलो आपण." मधल्या वेळात मी म्हणे आणखी दोन गडी बाद केले. प्रमाणपत्र आईने ट्रंकेत जपून ठेवलं. त्यावरचा सामना मला आजतागायत आठवत नाही. बाईंनी मला विचारलं होतं, "नाव काय तुझं?" मी बरोबर सांगितलं, म्हणून परत आत गेले.

नाव कोणालाही आठवतं. विचारायचं ते वेगळं. आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? याआधीचा सामना कोणाशी झाला, आपण जिंकलो का? हे प्रश्न जगभर मैदानाच्या कडेला विचारले जातात. एकही चुकला, नजर हरवलेली दिसली, तोल गेला, उठायला वेळ लागला, की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. उत्तरं सगळी बरोबर आली पण डोकं दुखतंय म्हणाली, तरीही बाहेर. हा कागद सरांना द्या. कबड्डीत तर त्यांची अडचणही होत नाही, सात आत आणि पाच बाहेर बसलेलेच असतात. क्रिकेटला यासाठी नवा नियम करावा लागला. १ ऑगस्ट २०१९ पासून आयसीसीने डोक्याला लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घ्यायची मुभा दिली. २०२० च्या डिसेंबरात कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला, त्याच्या जागी चहल आला, त्याने तीन बळी घेतले आणि सामनावीरही तोच झाला. जडेजाला कोणी नाजूक म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

धाकटीचं आता काय करायचं. अंधारी खोली नको. हा जुना सल्ला आहे आणि तो आता मोडीत निघाला आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले होते, त्यांच्या म्हणण्यात पहिले एकदोन दिवस ताण कमी ठेवायचा, मोबाइल अगदी थोडा, आणि मग हळूहळू हालचाल वाढवायची. महिनाभर अंधारात निजवलं तर चांगलं डोकंही दुखायला लागेल. तिला रोज सकाळी ऊन चढायच्या आत वीस मिनिटं चालू द्या. डोकं दुखणं किंचित वाढलं आणि तासाभरात खाली आलं तर घाबरायचं नाही. जास्त वाढलं तर दुसऱ्या दिवशी कमी चालायचं. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात मात्र नको, तिथे तर धडधाकट माणसाचं डोकं फिरतं.

आधी कॉलेज, मग मैदान. क्रम उलटा करायचा नाही. वर्ग झेपत नसताना कबड्डी झेपेल हे शक्य नाही. सुरुवातीला अर्धा दिवस जाऊ दे. पंधरावीस मिनिटं वाचलं की डोळे मिटून बसायचं, मग पुन्हा. घटक चाचणी पुढे ढकलून द्या अशी चिठ्ठी डॉक्टरांकडून मागून घ्या. मागायला संकोच करू नका, पाय मोडला असता तर मागितली असतीच ना.

गोळ्यांचं पाकीट काढून मोजा. रोज घेत असेल तर आता निम्मं दुखणं गोळ्यांचंच असू शकतं. साधी वेदनाशामकं महिन्यातून पंधराएक दिवस घेतली की त्यांचीच डोकेदुखी लागते. बंद कशा करायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा. त्याच फेरीत हिमोग्लोबिन बघून घ्या. आपल्या भागातल्या मुलींचं ते बरेचदा कमी असतं, आणि मग चक्कर कशाची आणि डोकं कशाचं, याचा गुंता होतो. पाळी या महिन्यात पुढेमागे झाली तर दचकू नका, कन्कशननंतर तसं होऊ शकतं. आणि कृपा करून कोणाकडेही मान मोडून घ्यायला नेऊ नका. गावात असा एक हात असतोच, कटकन आवाज काढून देणारा. डोक्याला लागलेल्या मुलीच्या मानेला त्याचा हात लागता कामा नये.

चार आठवडे उलटून गेले आणि तरीही डोकं, डोळे, चक्कर राहिलं, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथून सुरुवात करता येईल. डोळ्यांचे आणि तोलाचे व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांचा अशा वेळी चांगला उपयोग होतो.

त्रास पूर्ण गेला की परतीची वाट पायरीपायरीने. आधी नुसतं चालणं, सायकल. मग पळणं आणि एकटीने पदलालित्याचा सराव. मग सोबत्यांबरोबर, पण अंगाला अंग न लावता. इथवर कुठेही डोकं दुखलं नाही तर डॉक्टरांची परवानगी घ्यायची, आणि मगच पकडीचा सराव, त्यानंतर सामना. प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस, तिच्या वयाला आणि झोक्याच्या इतिहासाला मी दोन देईन. त्रास उलटला तर एक पायरी मागे. आठ दिवसांत जिल्हा का बसत नाही, हा हिशेब सरांनाही कळेल. क्रीडागुण मीही कमी लेखत नाही, आपल्याकडे दोनचार गुणांवर पोरांची ॲडमिशनं हुकतात. पण बारावीचं वर्ष अजून पुढे आहे.

मानेचं मघाशी म्हटलं. २०१४ मधल्या एका मोठ्या शालेय अभ्यासात मानेची ताकद एक पौंडाने, म्हणजे साधारण अर्ध्या किलोने, वाढली की कन्कशनची शक्यता ५ टक्क्यांनी कमी दिसली. कबड्डीच्या मुलींकडून कोणी मानेचे व्यायाम करून घेताना मी पाहिलेलं नाही. पैलवान मात्र पहिल्या दिवसापासून करतात. कपाळाला तळहात लावून डोक्याने ढकलायचं, हाताने अडवायचं, मग दोन्ही बाजूंनी, मग मागून. दोघंही बरे झाले की थोरल्याने हे बहिणीला शिकवावं. घरातच वस्ताद असताना बाहेर कशाला शोधायचा.

आणि आता तो थोरला. चिडचिड, आणि रात्री उजेड सहन न होणं. ही दोन्ही कन्कशनचीच लक्षणं आहेत. टाके भुवईचे होते आणि ते दहा दिवसांत सुकले. त्याच्या मेंदूला कोणी विचारलंच नाही, आणि तोही सांगणार नाही. बहिणीला घरात नाटकी म्हणतात हे तो रोज ऐकतो, मग स्वतःचं कशाला बोलेल? तालमीत 'डोकं दुखतं' म्हणणाऱ्या पोराला काय ऐकावं लागतं तेही आपल्याला ठाऊक आहे. पहिला मार पुरता बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि माणूस हाती लागत नाही. असं झालेले बहुतेक तरुण खेळाडूच आहेत. क्वचित होतं, पण अकराव्या दिवसापासून तो रोज मातीत उतरतो आहे. त्याची झोप, डोकं, चक्कर, विसरभोळेपणा, सगळं डॉक्टरांसमोर काढा. तोवर रात्रीची गाडीही बंद. त्याला विनेश फोगाटचं सांगा. २०१७ साली डोक्याला बसलेल्या माराचा त्रास आपण पुढे कितीतरी काळ काढत होतो, हे तिने टोकियो ऑलिम्पिकनंतर स्वतः लिहिलं होतं. ती बोलली म्हणून कोणी तिची कुस्ती कच्ची धरली नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवा, पुढच्या वेळेसाठी. मार बसल्यावर डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, बोलणं जड झालं, हातपाय लुळा वाटला, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, मान खूप दुखली, झोपेतून उठवता येईना, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन. माणूस स्वतःच्या पायाने चालत आला यावर भरवसा ठेवू नका. क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ, उभा होता, हेल्मेट नव्हतं, चेंडू डोक्याला लागला. तो चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. तीन दिवसांनी तो गेला.

जाता जाता, विषय थोडा सोडून. बायकांच्या डोक्याला बसणारे सगळे मार मैदानावरचे नसतात. ओपीडीत 'न्हाणीघरात पाय घसरला' असं खाली बघून सांगणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. त्यांना कोणी बाहेर काढून बसवत नाही, दुसऱ्या दिवशी चूल असतेच. हे सदर वाचणाऱ्या कोणाला यात आपलं काही दिसलं तर हीच लक्षणं बघा, आणि डॉक्टरांना एकट्यात भेटा.

तर ताई, या आठवड्यात दोघांनाही एकाच दिवशी घेऊन जा, म्हणजे फेरी एकच पडेल. आणि हे उत्तर थोरल्याच्या हातात वाचायला देऊ नका. रात्री ओट्यावर बसून तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच कपाळ चोळत उठून गेला, तर किती वेळाने उठला तेवढं मला कळवा.